पोटाचा फोटो : प्रतिमेची स्पष्टता आणि निदानाची अचूकता

वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भाच्या प्राचीन राजधानीचे ठिकाण आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. आषाढीला येथून पंढरपूरला पालखी जाते. कार्तिकात येथे मोठी यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी अशाच एका यात्रेत आरोग्यविषयक तक्ते लावलेल्या मंडपात प्रस्तुत लेखक बसला असताना एक वृद्ध शेतकरी काखेत मोठा पिवळा लिफाफा घेऊन आत आले. लिफाफ्यात पोटाच्या क्ष-किरण तपासणीच्या चार फिल्म आणि एक इंग्रजी अहवाल होता. "साहेब, फोटोत तं काहीच निंगालं नाही म्हनते; मंग पोट काऊन दुखते?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. फिल्म वाचण्याचे ज्ञान त्यास नाही. अहवाल मात्र वाचता आला. त्यात "काही निघाले नाही" असे कोठेही लिहिलेले नव्हते. जठरात अन्नाचे अवशेष असल्यामुळे तपासणी अपुरी ठरली असून योग्य तयारीनिशी ती पुन्हा करावी, असे शेवटच्या ओळीत स्पष्ट नमूद होते. कोणीतरी "रिपोर्टात काही नाही" असे घाईघाईने सांगितले आणि बाबा सात महिने त्या शब्दांवर विसंबून राहिले. या काळात त्यांचे वजन उतरले होते आणि सकाळी खाल्लेली भाकर संध्याकाळी उलटून पडत होती.

तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी होता काय, असे विचारले असता ते म्हणाले, "हो, जेवलो नोतो. स्टँडवर च्या घेतला अन् पोहे खाल्ले, बस्स." पहाटेच्या एस. टी. ने निघालेला खेडूत माणूस बसस्थानकावर उतरल्यावर चहा घेणारच. "उपाशीपोटी" या शब्दाचा अर्थ त्याच्या दृष्टीने "जेवण केलेले नाही" एवढाच असतो. चहा, पाणी, विडी, तंबाखू, खर्रा हेही वर्ज्य आहे, असे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितले नव्हते. एका प्लेट पोह्यांनी एक संपूर्ण तपासणी निकामी केली. हे कसे घडते, हे समजून घ्यावयाचे तर मुळात पोटाच्या फोटोत काय दिसते आणि काय दिसत नाही, हे पाहावे लागेल.

छायेचे शास्त्र

जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला आणि १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. क्ष-किरणांचा फोटो म्हणजे वास्तविक छाया होय. हाडांतील कॅल्शियम किरणांना अडविते म्हणून हाड पांढरे उमटते. हवेतून किरण सहज पार होतात म्हणून हवा काळी दिसते. जठर, यकृत, आतडी, स्नायू हे सर्व किरणांना जवळजवळ सारखेच अडवितात. त्यामुळे पोटाच्या साध्या फोटोत जठराची भिंत वेगळी ओळखू येत नाही. राखाडीत राखाडी मिसळावी, तसा तो प्रकार असतो.

ही अडचण दूर करण्यासाठी किरणांना अडविणारा जड पदार्थ रुग्णास पाजण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत वॉल्टर कॅनन या तरुण संशोधकाने १८९६ पासून बिस्मथ मिसळलेले अन्न प्राण्यांना चारून पचनेंद्रियांच्या हालचाली पडद्यावर पाहिल्या. पुढे १९१० च्या सुमारास बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली आणि ती आजतागायत टिकून आहे. हाच तो खडूच्या पाण्यासारखा पांढरा घोट, ज्याला दवाखान्यात "बेरियम मील" म्हणतात. बेरियमचा अणुक्रमांक ५६, कॅल्शियमचा २०. यावरून बेरियमची छाया हाडाहूनही ठळक का पडते, हे ध्यानात येईल. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत. सल्फेट मात्र पाण्यात वा जठररसात विरघळत नाही म्हणूनच ते निर्धोकपणे पाजता येते. येथे शुद्धतेत तडजोड चालत नाही. २००३ साली ब्राझीलमध्ये बेरियम कार्बोनेटची भेसळ झालेले द्रावण पाजल्यामुळे अनेक रुग्ण दगावले होते.

जठर नुसत्या बेरियमने भरले तर त्याचा बाह्य आकार उत्तम दिसतो, परंतु आतील अस्तरावरचे बारीक बदल त्या पांढऱ्या लगद्यात बुडून जातात. यावर जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात शिराकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार परिश्रमपूर्वक उपाय विकसित केला. थोडे परंतु दाट बेरियम आणि त्यासोबत हवा, अशा दुहेरी छायाभेदाची ही पद्धत होय. रुग्णास प्रथम सोड्याचे फसफसणारे दाणे देतात. त्यांतून निघालेल्या वायूने जठर फुगते आणि त्याच्या वळ्या उलगडतात. मग बेरियम पाजून रुग्णास टेबलावर अनेकदा कुशी बदलावयास लावतात. त्यामुळे अस्तरावरचा चिकट स्राव धुऊन निघतो आणि बेरियमचा पातळ थर सर्वत्र चढतो. भिंतीला चुना देण्यापूर्वी ती झाडून घ्यावी लागते. धूळ राहिली तर चुन्याचे पोपडे निघतात. तशीच ही गोष्ट आहे. थर नीट बसला म्हणजे जठराच्या अस्तरावरची काही मिलिमीटर आकाराची नैसर्गिक नक्षीसुद्धा दिसू लागते. ही बारीक नक्षी दिसणे, हीच प्रतिमा चांगली असल्याची खूण मानली जाते. जेथे ती विस्कटलेली असेल तेथे तज्ज्ञाची नजर थांबते.

आता पोह्यांचा प्रश्न सुटेल. जठरात अन्न अथवा पाणी असेल तर बेरियम पातळ होते, थर तुटक बसतो आणि अन्नाचा कण गाठीसारखा दिसतो. उलट खरी गाठ अन्नाचा कण म्हणून सोडून दिली जाण्याचाही संभव असतो. तंबाखू, विडी व खर्रा यांनी जठररस वाढतो, म्हणून तेही वर्ज्य. आमच्या या बाबांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म हानी झाली. रात्रभर निर्जळी उपवास करूनही जठरात अन्न शिल्लक राहिले असते, तर जठराचे खालचे तोंड अरुंद झाल्याचा तो स्वतःच एक सबळ पुरावा ठरला असता. परंतु सकाळी पोहे खाल्ल्यामुळे ते अन्न शिळे की ताजे, हे सांगण्यास तज्ज्ञाजवळ काही साधनच उरले नाही. अहवाल लिहिणाऱ्याने "अपुरी तपासणी" असे लिहिले, हा त्याचा प्रामाणिकपणाच म्हटला पाहिजे.

प्रतिमा बिघडते कोठे?

प्रतिमेचा दर्जा तीन गोष्टींवरून ठरतो : कडांची रेखीवता, काळ्या-पांढऱ्यातील भेद आणि प्रतिमेतील कणकणपणा. जठर हे हलते इंद्रिय आहे. ते स्वतः आकुंचन पावते, शिवाय श्वासाबरोबर वरखाली होते. यासाठी किरण सोडण्याचा काळ सेकंदाच्या एक-दशांशाहूनही कमी ठेवावा लागतो आणि त्याकरिता यंत्र पुरेशा क्षमतेचे लागते. कमी क्षमतेच्या, मुख्यतः हातापायांच्या फोटोसाठी घेतलेल्या यंत्रावर जठराची तपासणी केल्यास काळ वाढवावा लागतो आणि कडा पुसट होतात. ग्रामीण भागात विजेचा दाब उतरला की किरणांचा जोर कमी होऊन तोच परिणाम घडतो. "श्वास रोखून धरा" ही तंत्रज्ञाची सूचना रुग्णास ऐकू न येणे किंवा न समजणे, हे तर सर्वांत साधे आणि सर्वांत वारंवार घडणारे कारण आहे. जठराची हालचाल काही मिनिटे थांबविणारे इंजेक्शनही देता येते. मात्र त्यापूर्वी काचबिंदू, हृदयविकार किंवा लघवी अडण्याची तक्रार आहे काय, हे विचारून घ्यावे लागते.

जुन्या काळी फिल्म अंधाऱ्या खोलीत रसायनात बुडवून धुवावी लागे आणि त्या रसायनाचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असणे इष्ट मानले जाई. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत टाकीभोवती बर्फ ठेवून काम करणारे तंत्रज्ञ अनेकांनी पाहिले असतील. रसायन तापले की फिल्मवर धुके चढे आणि त्या धुक्यात लहानसा व्रण लपून जाई. आता बहुतेक ठिकाणी संगणकीय प्रतिमा आल्या आणि ही अडचण संपली. परंतु नव्या साधनाने एक नवा भ्रमही आणला. जुन्या फिल्मवर किरण जास्त पडले की ती काळी पडे, कमी पडले की फिकी. चूक उघड दिसे. संगणक मात्र दोन्ही प्रतिमा सारख्याच उजळ करून दाखवितो. किरण कमी पडले असतील तर चित्र वरकरणी ठीक दिसूनही वाळू पसरल्यासारखे कणकणीत होते. जास्त पडले असतील तर चित्र सुंदर येते, आणि रुग्णाच्या शरीरात विनाकारण अधिक किरणोत्सर्ग गेल्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही. जठराच्या या तपासणीत छातीच्या एका फोटोच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक किरणोत्सर्ग होतो. म्हणून "एकदा पुन्हा काढून पाहू" हे वाक्य सहज उच्चारण्याजोगे नाही, आणि तरुण स्त्री-रुग्णास गरोदरपणाविषयी आधी विचारणे हे कर्तव्यच आहे.

आणखी एक प्रकार अलीकडे सर्रास आढळतो. फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोबाइलवर तिचा फोटो घेतात आणि तो शहरातील डॉक्टरांकडे पाठवितात. अपघातातील मोडलेले हाड अशा फोटोत ओळखता येईल. जठराच्या अस्तरावरील नक्षी येणार नाही. खिडकीतील प्रकाश, काचेवरील प्रतिबिंब आणि पाठविताना आकुंचित होणारी प्रतिमा यांत मूळ फिल्मचा बराच तपशील नाहीसा होतो. असा फोटो पाहून कोणी "ठीक आहे" म्हणाले, तर त्यास अहवाल मानू नये.

अचूकता म्हणजे काय?

प्रतिमा उत्तम असली तरी निदान शंभर टक्के अचूक असते असे नाही. तपासणीची अचूकता दोन अंगांनी मोजतात. शंभर खऱ्या रुग्णांपैकी किती जण तिने पकडले, हे एक अंग; आणि शंभर निरोगी माणसांपैकी किती जणांना तिने निरोगीच ठरविले, हे दुसरे. जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. तेथे १९६० साली मियागी प्रांतात क्ष-किरण यंत्र बसविलेली गाडी गावोगाव नेऊन लक्षणे नसलेल्या लोकांचीही तपासणी सुरू झाली आणि १९८३ पासून कायद्याने ही मोहीम देशभर राबविण्यात आली. तेथील विशेष हा की, शस्त्रक्रियेत काढलेले जठर आणि आधी घेतलेली फिल्म शेजारी ठेवून छायेतील कोणती रेघ कोणत्या विकृतीमुळे उमटली, याचा ताळा पाहण्याची शिस्त डॉक्टरांनी स्वतःला लावून घेतली. एकच फिल्म दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचण्याची पद्धतही तेथे रूढ झाली. एवढी काटेकोर व्यवस्था असूनही या तपासणीत कर्करोगाचे सुमारे ६० ते ८० टक्के रुग्ण सापडतात आणि निरोगी व्यक्तींपैकी ८० ते ९० टक्के निरोगी ठरतात, असे तेथील अनुभवावरून मानले जाते. २०१६ पासून जपाननेही दुर्बिणीच्या तपासणीस या मोहिमेत स्थान दिले आहे.

मग अशी गाडी आपल्या तालुक्यातही फिरवावी काय? असा ठराव एखाद्या ग्रामसभेत उत्साहाने मांडला जाणे शक्य आहे, म्हणून थोडा हिशेब करू. समजा, १०,००० प्रौढांची तपासणी केली आणि त्यांत प्रत्यक्ष रोगी ५ आहेत. उत्तम यंत्रणेने ४ सापडतील, १ सुटेल. निरोगी ९,९९५ जणांपैकी दहा टक्के, म्हणजे जवळपास १,००० लोकांना मात्र विनाकारण संशयित ठरविले जाईल. त्या सर्वांना दुर्बिणीच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल. भारतात या रोगाचे प्रमाण मिझोरामसारख्या ईशान्येकडील भागात अधिक, तर महाराष्ट्रात तुलनेने कमी आहे. मुंबईत १९६३ साली आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ साली सुरू झालेल्या कर्करोग नोंदणी केंद्रांमुळे अशा गोष्टी आपल्याला अंदाजाने नव्हे तर मोजून सांगता येतात. सबब सरसकट तपासणीपेक्षा लक्षणे असलेल्या माणसाची योग्य तपासणी योग्य वेळी होणे, हेच आपल्याकडे अगत्याचे आहे.

आज लक्षणे असलेल्या रुग्णासाठी पहिली पसंती दुर्बिणीच्या तपासणीला, म्हणजे एंडोस्कोपीला, दिली जाते. तिच्यात अस्तर रंगासह प्रत्यक्ष दिसते आणि संशयास्पद जागेचा तुकडा काढून परीक्षेसाठी पाठविता येतो. जठरातील व्रणांशी निगडित असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू मार्शल व वॉरेन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८२ साली शोधून काढला, त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तुकड्यातून या जंतूचाही तपास लागतो. छायेतून तो कसा लागणार? तथापि बेरियमची तपासणी अगदीच कालबाह्य झाली, असे समजू नये. जठराचा पीळ, छातीत सरकलेला भाग, शस्त्रक्रियेनंतरची रचना हे सारे तिच्यात उत्तम कळते. एका प्रकारच्या कर्करोगात अस्तर वरून बरेचसे साधारण दिसते, पण भिंत आतून ताठ होत जाते. दुर्बिणीस हा प्रकार हुलकावणी देऊ शकतो. बेरियमच्या तपासणीत मात्र हवा भरूनही न फुगणारे, वाळलेल्या पखालीसारखे आखडलेले जठर चटकन लक्षात येते.

साध्या फोटोचे महत्त्व

ग्रामीण रुग्णालयाच्या दृष्टीने मात्र याहून निकडीचा विषय पोटाच्या साध्या फोटोचा आहे. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या दुकानातून घेऊन महिनोन्महिने खाणारे लोक खेड्यापाड्यांत थोडे नाहीत. त्यांतील एखाद्याच्या जठरातील व्रण फुटतो, अचानक असह्य कळ येते आणि पोट लाकडासारखे ताठ होते. अशा वेळी जठरातील हवा बाहेर पडून श्वासपटलाखाली जमा होते आणि उभ्या स्थितीत घेतलेल्या फोटोत काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. तंत्र चोख असेल तर एक-दोन मिलिलिटर हवाही दिसू शकते. परंतु त्यासाठी रुग्णास फोटोपूर्वी पाच-दहा मिनिटे उभे किंवा बसते ठेवावे लागते, म्हणजे हवेला वर चढण्यास अवधी मिळतो. आणि श्वासपटलाच्या दोन्ही कमानी फिल्ममध्ये पूर्ण याव्या लागतात. घाईत निजवून घेतलेल्या किंवा वरचा भाग कापला गेलेल्या फोटोत ही चंद्रकोर हरवते. उभे राहणे अशक्य असेल तर डाव्या कुशीवर निजवून फोटो घेता येतो. इतकी काळजी घेऊनही चार-पाचांपैकी एका रुग्णात हवा दिसत नाही. म्हणून पोट ताठ झालेल्या रुग्णास "फोटो चांगला आहे" या आधारावर घरी पाठवू नये, आणि जठर फुटल्याचा संशय असताना बेरियम तर मुळीच पाजू नये; फुटलेल्या जागेतून ते उदरपोकळीत उतरून गंभीर दाह उत्पन्न करते.

गावाच्या हाती असलेले काम

कौंडण्यपुराहून अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक अद्यापि "इर्विन" म्हणतात, सुमारे ४० किलोमीटरवर आहे. नदीपलीकडे आर्वीची वाट धरून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाणारेही पुष्कळ आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. तरीही एका दिवसाची मजुरी, सोबत्याची मजुरी आणि प्रवासखर्च रुग्णाच्याच पदरी पडतो. तपासणी वाया जाणे म्हणजे हे सर्व वाया जाणे, हे शहरातील माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही.

यात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या यांना करता येण्याजोगे काम मोठे नाही, पण नेमके आहे. तपासणीच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर काहीही घ्यावयाचे नाही. पाणी नाही, चहा नाही, विडी नाही, खर्रा नाही, असे एकेका पदार्थाचे नाव घेऊन सांगावे. रोजच्या गोळ्या, विशेषतः मधुमेहाच्या, त्या दिवशी घ्याव्यात की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. रुग्णालयातून मिळणाऱ्या चिठ्ठीवर नुसते "पोटदुखी" असे लिहिलेले असेल, तर किती दिवसांपासून, उलटी कोणत्या वेळी, वजन किती उतरले, काळी शौचास होते काय, पूर्वी शस्त्रक्रिया झाली काय, एवढे लिहून घेण्याची विनंती करावी. कारण फिल्म वाचणारा तज्ज्ञ बहुधा रुग्णास पाहतही नाही, त्याच्यापुढे चिठ्ठी आणि छाया एवढेच असते. तपासणीनंतर दोन दिवस भरपूर पाणी प्यावे. शौचास पांढरे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अहवाल आल्यावर त्याची शेवटची ओळ कोणाकडून तरी मराठीत वाचून घ्यावी. गावातील शाळेत इंग्रजी शिकविणारे गुरुजी हे काम विनासायास करू शकतील. अर्थ लावण्याचे काम मात्र डॉक्टरांचे.

कार्तिकातील त्या बाबांना मंडपातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी थेट दुर्बिणीच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. जुन्या व्रणामुळे जठराचे खालचे तोंड आकसले होते. काढलेल्या तुकड्यात कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया करावी लागली. पुढील वर्षी ते पुन्हा यात्रेत भेटले, तेव्हा काखेत तोच पिवळा लिफाफा होता. चारही फिल्म त्यांनी जपून ठेवल्या होत्या, परंतु उन्हात तापणाऱ्या टिनाखाली ठेवल्यामुळे त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. अहवालाचा कागद तेवढा शाबूत होता आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली कोणीतरी, बहुधा त्यांच्या नातवाने, निळ्या पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.